टाटाला पहिल्यांदा येताय, तर हे आधी करा

ताई, मुलं लहान, कमावणाऱ्या तुम्ही एकट्या, आणि हातात कॅन्सर सांगणारा बायोप्सीचा रिपोर्ट. मीही यातून गेले आहे, म्हणून हक्कानं सांगते: परळच्या टाटा हॉस्पिटलात फाईल निघाली की पैशांची जुळवाजुळव होण्याची वाट बघू नका. आधी तिथल्या मेडिकल सोशल वर्करना भेटा. घरात कोण आहे, भाडं किती थकलंय, मुलांना कोण सांभाळतं, सगळं मोकळेपणानं सांगा. रडू आलं तर येऊ द्या, ती माणसं ऐकून घेतात. महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेचे कागद, मदत देणाऱ्या ट्रस्टचे अर्ज तेच मार्गी लावतात. रेशनकार्ड, आधारच्या झेरॉक्स जवळ ठेवा. राहण्यासाठी दादरची गाडगे महाराज धर्मशाळा आहे. रेल्वेचा सवलतीचा फॉर्मही मागा; स्लीपरला रुग्णाचं तिकीट माफ, सोबत्याला 75 टक्के सूट.

मुलांपासून आजार लपवू नका, असं मला मनापासून वाटतं. केमोनं केस गळू शकतात हे त्यांना आधीच सांगा. तुमच्यामुळे त्यांना काही लागण होत नाही, हेही.

केमो सुरू झाल्यावर ताप 100.4 झाला तर मध्यरात्रीही हॉस्पिटल गाठायचं. त्या वेळी मुलांजवळ कोण थांबेल, ते शेजारणीशी आजच बोलून ठेवा.