नाणेसंग्रहालय तिकिटावर चालत नाही

इंदुरात नाण्यांचं संग्रहालय काढायचं म्हणतोस. संग्रह तुझा देखणा आहे, पण तिकिटांच्या पैशांत वीजबिल निघालं तरी देव पावला म्हणायचं. इंदूरचा माणूस राजवाड्यावरून थेट सराफ्याच्या खाऊगल्लीत वळतो. तेव्हा शाळांच्या सहली धर. अहिल्याबाईंच्या काळातला, शिवलिंग-बेलपानाचा मल्हारनगरचा, म्हणजे इंदूरच्याच टांकसाळीचा, रुपया पोरांच्या हातात दे (अस्सल नाही रे, प्रतिकृती!) आणि विचार, होळकरांच्या नाण्यावर नाव मुघल बादशहा शाह आलमचं का? पुढच्या वर्षी शिक्षक आपणहून फोन करतात. प्रतिकृती विकायलाही ठेव, फक्त ‘प्रतिकृती’ असं तिच्यावर कोरलेलं हवं, नाहीतर उद्या तीच बाजारात अस्सल म्हणून फिरेल.

ट्रस्ट नोंदव, देणगीवरच्या करसवलतीची नोंदणी (८०जी) घे. देणगीदार आधी तेच विचारतात. घरचा संग्रह आणि ट्रस्टचा, दोन्हींच्या वह्या वेगळ्या. अडीअडचणीला जास्तीची नाणी विकू, असं मनात असेल तर जरा थांब. शंभर वर्षांवरचं नाणं पुरावस्तू ठरतं. १९७२च्या कायद्यानं त्याचा व्यापार करायला परवाना लागतो, आणि परदेशी पाठवायचं तर नावच काढू नकोस.

हो, पीव्हीसीची स्वस्त पाकिटं घेऊ नकोस. तांब्यावर हिरवा चिकट थर चढतो. मायलारची (पॉलिएस्टर फिल्मची) घे, महाग पडली तरी.