कोल्हापुरातल्या जुन्या घरातली मागची खोली नवरात्राआधी स्वतःच रंगवून घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पेठेतलं जुनं घर, तळमजला. मुलगी नोकरीसाठी बाहेरगावी गेल्यापासून मागची १० बाय १२ ची खोली बंद आहे. नवरात्रात अंबाबाईच्या दर्शनाला पाहुणे येतील, त्याआधी ती रंगवून, सजवून झोपण्यासारखी करायची आहे. पेंटरचा दर झेपत नाही, म्हणून सगळं स्वतः करणार. रंग कुठला घ्यावा?

स्वतः करा, काही अवघड नाही. पण नवरात्राआधी भिंतीला रंग लावू नका. पाहुण्यांसाठी खोली तयार करणं हे एक काम आणि भिंत रंगवणं हे दुसरं. पहिलं आत्ता उरका, दुसरं दिवाळीनंतर थंडीत करा.

आपल्याकडं जून ते सप्टेंबर भिंती पाणी पीत असतात. वरून हात लावला तर कोरडी वाटते, आत ओल तशीच. अशा भिंतीवर पुट्टी ओढून प्लास्टिक पेंट मारला की दसऱ्याला खोली झकास दिसते आणि संक्रांत येईपर्यंत खालच्या बाजूनं पोपडे सुटतात. मग नावं ठेवायची रंगाच्या कंपनीला. मी पेंटर नाही, पण माझे मामा होते. सुट्टीत त्यांच्या हाताखाली पॉलिश पेपर घासलाय, त्यामुळं आमच्या घरच्या खोल्या मीच करतो. मामा नव्या घरात गेले की रंगाचं बोलायच्या आधी भिंतीला पाठीमागून काय आहे ते बघून यायचे.

तेच तुम्ही आधी करा. ओल कुठून येते ते डागावरून बरंचसं कळतं. जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत एका रेषेत ओल आणि तिच्या वरच्या कडेला पांढरा खार फुललेला असेल, तर पाणी पायातून चढतंय. जुन्या दगड-मातीच्या बांधकामात जोत्यावर डीपीसी (ओल वर चढू न देणारा थर) नसतेच, त्यामुळं पेठेतल्या घरांत हे सर्रास दिसतं. छताजवळ पावसाळ्यातच डाग पडत असेल तर गच्ची, कौलं किंवा पन्हळ बघा. बारा महिने एकाच जागी ओल असेल तर पलीकडच्या मोरीचा किंवा नळाचा पाइप. आणि कपाटामागं, कोपऱ्यात काळे ठिपके असतील तर ती नुसती कोंदट हवेची बुरशी. खिडकी रोज उघडली की अर्धी तिथंच संपते. शंका राहिली तर भिंतीवर हातभर प्लास्टिक चारी बाजूंनी टेपनं घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवसांनी बघा. पाणी आतल्या बाजूला जमलं तर ओल भिंतीतली, बाहेरच्या बाजूला जमलं तर खोलीतल्या हवेतली. (घर नदीच्या बाजूला असेल आणि २०१९ किंवा २०२१ च्या पुराचं पाणी आत आलं असेल, तर गिलाव्यात क्षार बसलेले असतात. तो खालचा गिलावा फोडून नवा केल्याशिवाय वर काहीही लावलं तरी टिकत नाही. ते मात्र गवंड्याचं काम.)

पाइप आणि गच्ची दुरुस्त करता येते. पायातून चढणारी ओल घरच्या घरी बंद होत नाही, म्हणून तिथं माझं मत जरा जुनाट आहे: चुना लावा. लोक अशा भिंतीला खालून तीन फूट सिमेंटचा गिलावा करून वर ऑइलपेंट मारतात. त्यानं पाणी थांबत नाही, बाहेर पडायची वाट बंद होते आणि ओल आणखी वर चढते. चुन्यातून भिंत श्वास घेते, वाळत राहते, आणि चुन्यावर बुरशीही सहजी धरत नाही. कळीचा चुना आणून विझवायचा, फडक्यातून गाळायचा, थोडा डिंक किंवा सरस घालायचा. आधी भिंतीवर पाणी मारून पातळ तीन हात द्यायचे. पहिला हात फिकट दिसतो म्हणून घट्ट करायला जाऊ नका, वाळल्यावर पांढरा होतो. रंग हवा तर पिवडी घाला, सुंदर हळदुली छटा येते. चुना विझवताना उकळतो आणि उडतो. प्लास्टिकच्या बादलीत विझवू नका, डोळ्यांना गॉगल लावा, पोरांना लांब ठेवा. चुन्याचा तोटा एकच, टेकलं की कपड्याला लागतो. पलंगामागं सतरंजी किंवा जेन (जाड विणलेलं अंथरूण) टांगली की तो प्रश्न मिटला, वर भिंतही भरलेली दिसते.

आता नवरात्रापर्यंत काय करायचं? खोली पूर्ण रिकामी करा. पूर्ण म्हणजे पूर्ण. बंद खोलीत घरातल्या सगळ्यांनी ठेवलेलं असतं, त्यामुळं प्रत्येकाला बोलावून आपापलं उचलायला लावा, नाहीतर भांडण तुमच्या डोक्यावर. सुटलेले पोपडे पत्र्यानं खरवडून टाका. बुरशी ब्लीचच्या पातळ पाण्यानं पुसा, खिडक्या उघड्या ठेवून आणि हातमोजे घालून. ब्लीचमध्ये ऍसिड किंवा संडास धुण्याचं लिक्विड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. फरशी शहाबादी असेल तर घासून धुवा, त्यावर टाइल्स बसवायच्या भानगडीत पडू नका. पलंग आणि कपाट भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा. खिडकीला सुती पडदे लावा; इचलकरंजीचा कापड बाजार इतका जवळ असताना तयार पडदे कशाला? दांडीच्या रुंदीच्या दुप्पट कापड घ्या आणि शिवायच्या आधी एकदा धुऊन घ्या, सुती कापड आटतं. दांडीसाठी लोखंडी ब्रॅकेट हवे असतील तर उद्यमनगरात करून मिळतात. ट्यूबलाइटच्या जोडीला उशाशी पिवळसर बल्ब असू द्या. पट्टणकोडोलीची एखादी घोंगडी पायथ्याशी टाकली की पाहुण्यांना भिंतीचे डाग दिसणारही नाहीत.

दिवाळीनंतर, प्लास्टिकची परीक्षा परत करून भिंत कोरडी निघाली तर इमल्शन, म्हणजे प्लास्टिक पेंट, लावा. आधी ओल्या हातानं भिंत चोळून बघा. पांढरी पूड आली तर खाली जुना चुना किंवा डिस्टेंपर आहे, आणि तो खरवडून काढावाच लागतो. पुट्टी त्याला धरते आणि त्याच्यासकट सुटून येते. हे काम कंटाळवाणं आहे, धूळ घरभर होते, आणि सगळा निकाल त्यावर असतो. मग भेगा भरा, पुट्टीचे दोन पातळ हात, पॉलिश पेपर, धूळ पुसून प्रायमर, वर रंगाचे दोन हात. पुट्टी थोडी थोडी कालवा, तासा-दोन तासांत घट्ट होते. छत आधी, भिंती नंतर, दारं-खिडक्या शेवटी. कडा दोन इंची ब्रशनं, मधला भाग रोलरनं, आणि एक भिंत सुरू केली की पूर्ण करूनच चहाला जायचं, नाहीतर सांधा दिसतो.

रंग किती लागेल? भिंती १० फूट उंच धरल्या तर ४४० चौरस फूट, दार-खिडकी वजा जाता ४०० च्या आसपास. दोन हातांचे ८००. लिटरला एका हाताचे १२० चौरस फूट धरले तर ७ लिटर, म्हणजे ४ लिटरचे दोन डबे. लक्ष्मीपुरीत मशीनवर रंग करून देतात. दोन्ही डबे एकदमच करून घ्या, रंगाचा नंबर लिहून ठेवा आणि लावायच्या आधी बादलीत एकत्र ढवळा. छटा मात्र दुकानातल्या कार्डावर ठरवू नका. लहान डबी आणून पुठ्ठ्यावर लावा, तो त्या खोलीत सकाळी आणि रात्री दिव्याखाली बघा. मागच्या खोल्यांना उजेड कमी असतो, तिथं राखाडी रंग मळकट दिसतो. फिकट बदामी किंवा साईचा रंग घ्या. एकच भिंत गडद करायची सध्याची पद्धत मला छोट्या खोलीत आवडत नाही, पण खोली तुमची.

जुन्या दारा-खिडक्यांबाबत जपून. घरगुती रंगात शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत ठेवण्याचा नियम आपल्याकडं नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या ऑइलपेंटच्या थरांत शिसं असू शकतं. म्हणून कोरडं घासू नका, पाणी लावून घासा, मास्क घाला, घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर त्यांना त्या दिवसांत दुसरीकडं ठेवा. वर सागवानी तुळया असतील तर त्या रंगवू नका. वाळवी नाही ना बघा, पुसून जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या. तेलाचे बोळे मात्र गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. ते आपोआप तापून पेटतात. पाण्यात भिजवून मगच टाका.

वायरिंग सोडून बाकी सगळं हातानं करा. लाकडी पट्ट्यांमधलं जुनं वायरिंग असेल तर वायरमन पुट्टीच्या आधीच बोलवा, म्हणजे नवीन पाइपसाठी फोडलेली भिंत त्याच पुट्टीत भरून निघेल.