ठेव वाचनालयाला द्यायची आहे

प्रश्न : मी साताऱ्याची निवृत्त शिक्षिका. पती हयात नाहीत. फ्लॅट मुलालाच मिळेल, पण बँकेतली माझी ८ लाखांची ठेव माझ्या मागे गावच्या वाचनालयाला जावी, अशी इच्छा आहे. ठेवीवर नॉमिनी मुलगा आहे. काय करू?

उत्तर : ताई, जरूर द्या. स्वकष्टाच्या पैशावर तुमचाच अधिकार आहे. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ नुसार मृत्युपत्रावर तुमची आणि दोन साक्षीदारांची सही हवी. स्टँप पेपर लागत नाही. नोंदणी सक्तीची नाही. तरी मी ती करायलाच सांगते, पुढचे वाद बरेच टळतात.

खरी अडचण नॉमिनीची. बँक पैसे मुलाच्या हाती देईल, पण नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मृत्युपत्राप्रमाणे ते त्याला वाचनालयाला द्यावे लागतील. म्हणून त्याला आजच विश्वासात घ्या. शक्य तर मृत्युपत्राची व्यवस्थापक, म्हणजे ते अमलात आणणारी व्यक्ती, म्हणून त्याच्याऐवजी एखादी तटस्थ, तुमच्याहून तरुण व्यक्ती नेमा.

वाचनालयाचे गावात रुळलेले नाव लिहू नका. धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले पूर्ण नाव आणि नोंदणी क्रमांक लिहा. ठेव पावतीचा क्रमांकही नको. ठेव मोडली तर देणगीच बुडू शकते. ‘माझ्या बँकांतील शिल्लकीतून ८ लाख रुपये’ असे लिहा. पुस्तकांसाठी की इमारतीसाठी, हेही लिहा.

गोव्यातल्या वाचकांसाठी : तिथे मुले असतील तर साधारणपणे अर्ध्याच मालमत्तेचे मृत्युपत्र करता येते.