पहिलं घर घेताय: होमलोन ऑनलाइन घ्यावं की गावातल्या सहकारी बँकेतून?

ऑनलाइनच घ्या. आणि ते व्याजासाठी नाही, जामीनदाराची कटकट टाळायला. तुम्ही लिहिलंय की ॲपवर दर कमी दिसतोय पण घरचे म्हणतायत 'आपली बँक बरी', अगदी हेच वाक्य ऐकून बसलेय म्हणून लिहितेय.

सांगलीत रिसेलचा फ्लॅट ठरला तेव्हा सासऱ्यांचं एकच, संचालक ओळखीचे आहेत, उद्या हप्ता मागंपुढं झाला तर कुणी दारात येणार नाही. बरं म्हटलं. तर बँकेला दोन जामीनदार पाहिजेत, तेही पगारदार. वर कर्जाच्या अडीच टक्के रकमेचे बँकेचे शेअर्स घ्यायचे, ते पैसे कर्जातूनच कापले, म्हणजे हातात कमी आणि व्याज पूर्ण रकमेवर. एक जामीनदार माझी ऑफिसातली मैत्रीण, तिनं आजतागायत विषय काढला नाही. दुसरे आमचे चुलत दीर. त्यांनी सही केली आणि वास्तुशांतीला पाहुण्यांना हॉल दाखवत तेच फिरत होते! गौरीच्या जेवणाला भर पंगतीत म्हणे, "माझ्या सहीवर उभंय हे घर." मी पुरणपोळी वाढत होते, त्यांचं पान सोडून पुढं गेले. नंतर ते स्वतः गाडीसाठी लोन काढायला गेले तर सिबिलमध्ये (कर्जाची नोंद ठेवणारा रिपोर्ट) आमचं कर्ज जामीनदार म्हणून दिसलं (दिसणारच ना), त्याचाही तमाशा आमच्याकडंच. हप्ता एकदाही चुकलेला नव्हता बरं का.

2025 मध्ये रिझर्व्ह बँकेनं रेपो, म्हणजे ती बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर, 6.50 टक्क्यांवरून 5.25 वर आणला, ऑफिसात सगळ्यांचे दर उतरले, आमचा ढिम्म. बँकेतले साहेब म्हणाले, संचालक मंडळापुढं विषय ठेवतो. ऑक्टोबर 2019 पासून बँकांना नवं फ्लोटिंग (दर बदलता असलेलं) होमलोन रेपोसारख्या बाहेरच्या दराला जोडावं लागतं, पण सहकारी बँकांना ते बंधन नाही. हाउसिंग फायनान्स कंपन्यांनाही नाही, तेव्हा ॲपच्या मागं बँक आहे की कंपनी की नुसता एजंट, ते आधी बघा.

मी मोबाइलवरूनच दुसऱ्या बँकेत बॅलन्स ट्रान्सफर टाकलं, म्हणजे नवी बँक जुनं कर्ज फेडते आणि पुढचे हप्ते तिच्याकडं; जामीनदार कुणी मागितलाच नाही. जुन्या बँकेनं मूळ ॲग्रीमेंट द्यायला "सोमवारी या" सुरू केलं, तेव्हा नियम छापून नेला: कर्ज फिटल्यावर 30 दिवसांत कागद परत नाही दिले तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. सासऱ्यांना मुद्दाम सोबत नेलेलं. त्याच दुपारी कपाटात फाइल सापडली.

आता तेवढं सांगायचं राहिलं की 'ऑनलाइन' फक्त सँक्शनपर्यंत, म्हणजे कर्ज मंजूर होईपर्यंत असतं. वकिलाचा सर्च रिपोर्ट (मालकीच्या कागदांची तपासणी), व्हॅल्युएशन, मूळ कागद जमा करणं, सगळं प्रत्यक्षच होतं, आणि नंतर ट्रान्सफर करायचं तर स्टँप ड्युटी, वकिलाची फी परत एकदा. सही करायच्या आधी 'की फॅक्ट स्टेटमेंट' (कर्जाच्या अटी-खर्चाचा गोषवारा) मागून घ्या आणि त्यातला एपीआर, म्हणजे फी वगैरे धरून पडणारा वार्षिक दर बघा, जाहिरातीतला दर नाही. आणि जागा गुंठेवारीतली (विनापरवाना तुकडे पाडून विकलेली), गावठाणातली किंवा भोगवटा प्रमाणपत्र नसलेली असेल तर ॲपवाले कागद बघूनच गार पडतात, तिथं गावातलीच बँक उभी राहते, हे मान्य करावं लागेल.

तुमची जागा एनए (बिगरशेती) आहे का ते लिहा, मग पुढचं सांगते. आणि जामीनदार लागलाच तर दिरांना तेवढं विचारू नका.