वारसा क्लासचा, मांडणी तक्त्याची

दारव्हा तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने विचारलं आहे: 'ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंगवर मराठीत टिपणं काढते आहे. इनहेरिटन्सला वारसा आणि पॉलिमॉर्फिझमला बहुरूपता लिहिलं तर चालेल का?'

ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग म्हणजे प्रोग्राममधल्या क्लासची (एका प्रकारच्या वस्तूंच्या साच्याची) डेटाबेसच्या तक्त्यांशी, म्हणजे टेबलांशी, घातलेली सांगड. बहुरूपता, म्हणजे एकाच मूळ क्लासच्या नावाखाली वेगवेगळी रूपं, खुशाल लिहा. वारसा मात्र जपून. आपल्याकडे वारसा म्हटला की पटवाऱ्याकडची वारस नोंद डोळ्यांपुढे येते: बाप गेला, सातबाऱ्यावर लेकरांची नावं चढली, पुढे वावराचे हिस्से पडले. क्लासच्या वारशात कुणी जात नाही आणि हिस्सेही पडत नाहीत. बाजार समितीच्या प्रोग्राममध्ये 'शेतमाल' हा मूळ क्लास धरा. त्यात वजन, भाव, ओलावा. 'कापूस' आणि 'सोयाबीन' या दोघांनाही हे सगळं पूर्णच्या पूर्ण मिळतं. शिवाय कापसाला धाग्याची लांबी, सोयाबीनला तेलाचं प्रमाण. म्हणून 'वारशाने मिळतं' लिहा. 'वारस' आणि 'वाटणी' नको.

'वारसा तक्ता' हा शब्द तर मला साफ चुकीचा वाटतो. मूळ रिलेशनल (तक्त्यांच्या) मांडणीत वारसा ही कल्पनाच नाही. तो असतो क्लासमध्ये. तक्त्यांत त्याची नुसती मांडणी करायची असते. तेव्हा 'वारशाची मांडणी' म्हणा. जावाच्या जेपीएमध्ये (क्लास आणि तक्ते जोडायच्या ठरलेल्या नियमांत) तिचे तीन प्रकार आहेत. सगळा माल एकाच तक्त्यात ठेवला तर 'एकतक्ता मांडणी'. जेपीए आपणहून हीच धरतं. तिच्यात कापसाच्या ओळीत तेलाचा रकाना रिकामा राहतो, त्यामुळे त्या रकान्यावर 'नॉट नल'ची (रिकामा ठेवायचा नाही, अशी) सक्ती करता येत नाही. सामाईक माहिती शेतमालाच्या तक्त्यात आणि उरलेली ज्याच्या त्याच्या तक्त्यात ठेवली तर 'जोडतक्ता'. वाचताना दर वेळी जॉइन (दोन तक्त्यांच्या ओळींची जुळणी) लागतो. प्रत्येक मालाचा स्वतंत्र, पूर्ण तक्ता केला तर 'स्वतंत्र तक्ते', आणि सगळा शेतमाल एकत्र मागितला की बहुधा युनियन (सगळ्या तक्त्यांच्या ओळी एकाखाली एक).

अशा मागणीला 'बहुरूपी क्वेरी' म्हणतात, ते मला पटत नाही. क्वेरी एकच असते, 'शेतमाल दे' एवढीच. कापसाची नोंद कापूस होऊन येते, सोयाबीनची सोयाबीन होऊन. रूपं उत्तराची आहेत, म्हणून 'बहुरूप उत्तराची क्वेरी' लिहा. लांब आहे, पण खरं आहे.

एकतक्ता मांडणीत कोणती ओळ कशाची हे डिस्क्रिमिनेटर कॉलम सांगतो. त्याला 'भेदक स्तंभ' लिहिलेलं वाचलं आहे. 'प्रकाराचा रकाना' लिहा. अडत्याकडच्या दिवाणजीलाही तो लगेच कळेल.