जुनी गाडी ठेवावी की काढावी? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेल्या प्रश्नांपैकी निम्म्याहून जास्त एकाच पेचाचे आहेत: घरातली पंधरा-वीस वर्षांची गाडी सोडवत नाही आणि मेकॅनिक दर दोन महिन्यांनी नवा खर्च काढतो. त्यातले सहा प्रश्न इथे घेतले आहेत.

प्रश्न : 2008 ची वॅगन आर आहे, 82 हजार किलोमीटर झालेत. सकाळी चालू केली की निळा धूर येतो, मग थांबतो. दीड हजार किलोमीटरला लिटरभर ऑइल टाकावं लागतं. मेकॅनिकने इंजिनाचं काम काढलंय, 45 हजार सांगतोय. गाडी विकली तर साठ-सत्तर हजार येतील. एवढा खर्च करावा का? (पुणे)

आधी हिशेब सरळ करू. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या विक्रीच्या किमतीशी ताडून पाहायची सवय सगळ्यांना असते, पण ती तुलनाच चुकीची आहे. 45 हजार वाचवून तुम्ही घरी बसणार नाही, दुसरी गाडी घेणार. तेव्हा तुलना करायची ती त्या दुसऱ्या गाडीच्या वर्षाच्या खर्चाशी. समजा साडेसहा लाखांची छोटी गाडी घेतली, त्यातले पाच लाख कर्ज, 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी. हप्ता सुमारे 10,380 रुपये, पाच वर्षांचं व्याज जवळजवळ सव्वा लाख. विम्याच्या तक्त्यात पाच वर्षांच्या गाडीची किंमत निम्म्यावर येते, म्हणजे सव्वातीन लाख तिथे गेले. दोन्ही मिळून साडेचार लाख, वर्षाला 90 हजार. विमा आणि सर्व्हिसिंग वेगळं. जुन्या गाडीचे 45 हजार चार वर्षांवर पसरले तर वर्षाला सव्वाअकरा हजार होतात. त्यात टायर, बॅटरी, किरकोळ कामं धरून आणखी 25 हजार घाला. तरी निम्म्याच्या आत.

पण 45 हजारही लागतीलच असं नाही. सकाळी पहिल्या स्टार्टला निळा धूर येऊन थांबतो, हे वाल्व्ह सील गेल्याचं लक्षण आहे. रात्रभर हेडमधलं, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागातलं, ऑइल कडक झालेल्या रबरी सीलमधून थेंब थेंब खाली झिरपतं आणि सकाळी जळतं. पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या असत्या तर चढावर किंवा जोरात पिकअप घेताना सतत धूर दिसला असता. सीलला हात घालण्याआधी पीसीव्ही वाल्व्ह, म्हणजे इंजिनात साठणारा वायू बाहेर सोडणारी झडप, पाहा. तो काजळीने तुंबला की इंजिनात दाब साठतो आणि ऑइल वर ढकललं जातं. काढून हलवला तर आतून टकटक आवाज यायला हवा. नाही आला तर बदला. फार महाग वस्तू नाही.

मग कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलेंडरमधल्या दाबाची तपासणी, मागा. नीट केली तरच तिला अर्थ आहे: इंजिन गरम हवं, बॅटरी पूर्ण चार्ज हवी, चारही प्लग काढलेले, इग्निशन आणि पेट्रोल पंप बंद, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. प्रत्येक सिलेंडरवर गेज लावून काटा थांबेपर्यंत, पाच-सहा सेकंद, स्टार्टर मारायचा. चारही आकडे 160 पीएसआयच्या वर आणि एकमेकांतला फरक 15 च्या आत असेल तर रिंग-पिस्टनला हात लावू देऊ नका. एखादा आकडा कमी आला तर त्या सिलेंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वर चढला तर रिंगा झिजल्यात, जागचा हलला नाही तर दोष वाल्व्हमध्ये किंवा गॅस्केटमध्ये आहे.

सीलचं काम निघालं तर हेड उतरवून सोळाच्या सोळा बदलून घ्या, नवं हेड गॅस्केट घाला. तुमच्या इंजिनाला टायमिंग बेल्ट (वाल्व्ह आणि पिस्टनचा मेळ राखणारा पट्टा) आहे, चेन नाही. सगळं उघडलेलंच असतं, तेव्हा बेल्ट, टेन्शनर आणि पुढचे ऑइल सीलही त्याच मजुरीत होतात. 82 हजारांवर बेल्ट अजून पहिलाच असेल तर हे काम धुराच्याही आधीचं.

प्रश्न : वडिलांची 2004 ची एस्टीम. इंजिन अजून लोण्यासारखं चालतं, पण खाली गंज दिसतोय. गॅरेजवाला म्हणतो, पत्रे मारून अंडरकोटिंग करू. (रत्नागिरी)

इंजिनाची काळजी करू नका. 2007 मध्ये एस्टीम बंद झाली, पण तेच 1.3 लिटरचं इंजिन पहिल्या स्विफ्टमध्ये होतं आणि जिप्सीत तर त्यानंतरही कित्येक वर्षं होतं, त्यामुळे त्याचे भाग मिळतात. मिळत नाहीत ते दिवे, बंपर, काचेच्या पट्ट्या, दाराची हँडलं. आणि कोकणात गाडी इंजिनाने मरत नाही, पत्र्याने मरते.

एक सकाळ मोकळी काढा. गाडी रॅम्पवर घ्या आणि मोठ्या स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने खालून ठोकत चला. चांगला पत्रा टणटण वाजतो; कुजलेला भद्द आवाज देतो आणि पापुद्रे गळतात. शंका आली तिथे टोकाने दाबा. पाहायच्या जागा ठरलेल्या आहेत: दाराखालचा उंबरा आणि त्यावरची जॅक लावायची जागा, लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) जिथे बोल्टने धरलाय तो भाग, बॉनेट उघडून शॉकअपच्या टॉवरचा वरचा घेर, मॅट उचलून पायाखालचा फ्लोअर, डिकीत स्टेपनीचा खड्डा, सीटबेल्टचे बोल्ट. पुढच्या काचेखालच्या जाळीत साचलेली पानंही काढा. ती कुजून पाण्याची वाट बंद होते आणि पावसाचं पाणी थेट फ्लोअरवर उतरतं.

दाराच्या खालच्या कडा, फेंडर, डिकीचं झाकण, फ्लोअरचा हातभर तुकडा कुजला असेल तर दुरुस्त करा. टॉवर, लोअर आर्मची जागा किंवा दोन्ही बाजूंचे उंबरे गेले असतील तर तिथे पत्र्याचा तुकडा चिकटवून गाडीचा कणा परत येत नाही. खड्ड्यात गेली की चाक आत वळतं, आणि धडक बसली तर उंबरा दुमडतो. मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा लोखंडी पाईपही तिथूनच जातो. तो खरवडून पाहा. गंजून सुईएवढं भोक पडलं की पेडल एका दणक्यात खाली जातं.

आणि गंजावरच अंडरकोटिंग करू देऊ नका. आत अडकलेली खारट ओल बाहेर पडत नाही, वरून सगळं काळंभोर दिसतं आणि आतून पत्रा दुप्पट वेगाने जातो. आधी उघडा पत्रा लागेपर्यंत घासणं, मग प्राइमर, मग कोटिंग, आणि उंब-याच्या आतल्या पोकळीत मेणाचा फवारा, हाच क्रम.

कणा गेला असेल तर वडिलांची गाडी म्हणून रस्त्यावर ठेवू नका. नोंदणीकृत स्क्रॅप केंद्रात द्या, सर्टिफिकेट ऑफ डिपॉझिट (गाडी भंगारात जमा केल्याचा दाखला) घ्या आणि आरटीओत नोंदणी रद्द झाल्याची खात्री करा. त्या सर्टिफिकेटवर नव्या खासगी गाडीच्या करात केंद्राच्या नियमाप्रमाणे 25 टक्क्यांपर्यंत सूट देता येते. प्रत्यक्ष किती द्यायची ते राज्य ठरवतं. गाडीची आठवण हवी असेल तर स्टिअरिंग आणि मागचं मोनोग्राम काढून ठेवा.

प्रश्न : 1997 ची कार्ब्युरेटरची मारुती 800. नव्या पेट्रोलवर झटके देते, वास येतो. 2027 मध्ये पासिंगही आहे. (नाशिक)

आता पंपावर मिळतं ते 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल. तुमच्या गाडीचं रबर त्यासाठी बनलेलं नाही. वास येतोय म्हणजे कुठला तरी होसपाईप घामटलाय, आणि तो इंजिनाजवळ आहे. हे आजच्या आज पाहा. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाईप इथेनॉल सोसणारे, आर 9 छापाचे घ्या. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरचं किट बदला. इथेनॉल टाकीतला वर्षानुवर्षांचा गाळ सोडवतं, म्हणून पहिल्या तीन टाक्यांत फिल्टर दोनदा बदलावा लागेल.

झटक्यांचं कारण वेगळं. साध्या पेट्रोलच्या एका भागाला सुमारे 14.7 भाग हवा लागते, या मिश्रणाला साधारण 13.5. इंजेक्शनच्या गाडीचा सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरला ते कळत नाही, आणि इंजिन उपाशी चालतं. जाणत्या माणसाकडून मिक्श्चर स्क्रू आणि गरज पडली तर मेन जेट बसवून घ्या. अॅव्हरेज सहा-सात टक्क्यांनी कमी झालं तर तो दोष गाडीचा नाही. गाडी उभी राहत असेल तर पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा, कारण इथेनॉल हवेतली ओल ओढतं.

पासिंगचं: वीस वर्षांवरच्या कारला नूतनीकरणाची फी ऑगस्ट 2025 पासून 10 हजार आहे (15 ते 20 वर्षांना 5 हजार), त्यावर राज्याचा पर्यावरण कर. मुदत संपायच्या साठ दिवस आधीपासून अर्ज करता येतो. उशीर झाला तर दर महिन्याला 500 रुपये दंड. एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट नसेल तर तीही आधीच लावून घ्या.

प्रश्न : 2013 ची स्विफ्ट डिझेल, 1 लाख 65 हजार किलोमीटर. रोज जालन्याला जाऊन-येऊन महिन्याला अडीच हजार किलोमीटर होतात. दहा वर्षांची डिझेल बंद म्हणतात, खरं का? (छत्रपती संभाजीनगर)

दहा वर्षांचा नियम दिल्ली आणि लगतच्या राजधानी क्षेत्रापुरता आहे. महाराष्ट्रात तुमची नोंदणी 2028 पर्यंत चालते, पुढे फिटनेस पाहून वाढते.

वर्षाला 30 हजार किलोमीटर. डिझेल 91 रुपये आणि अॅव्हरेज 18 धरलं तर इंधनाला साधारण दीड लाख. नवी पेट्रोल गाडी 17 देत असेल, पेट्रोल 105, तर 1 लाख 85 हजार. म्हणजे हप्ता भरून वर इंधनही महाग. सीएनजी 92 रुपयांनी आणि किलोला 25 किलोमीटर धरली तर 1 लाख 10 हजार, चाळीसेक हजार वाचतात, पण निम्मा हप्ताही त्यात निघत नाही. 2028 पर्यंत ही गाडी ठेवा.

फक्त टायमिंग चेन ऐका. रात्रभर थंड झालेल्या इंजिनाला पहिल्या दोन-तीन सेकंदांत पुढून साखळी खडखडल्यासारखा आवाज आला तर चेन ताणली आहे. या इंजिनात ती उडी मारली की वाल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि खर्च हाताबाहेर जातो. चेन, टेन्शनर, गाइड आणि गिअर एकत्रच बदला, नुसती चेन नको. इंजेक्टरची रिटर्न टेस्ट करून घ्या: चारही इंजेक्टरच्या परतीच्या नळ्यांना एकेक बाटली लावून गाडी दोन मिनिटं आयडलवर ठेवायची. ज्या बाटलीत इतरांपेक्षा बरंच जास्त डिझेल आलं, तो इंजेक्टर झिजलाय.

प्रश्न : 2009 ची सँट्रो, एअरबॅग नाही. सासूबाईंचा गाडीवर जीव आहे. मुलं दोन आणि पाच वर्षांची. महिन्यातून दोनदा एक्स्प्रेस वेवरून जातो. बाहेरून एअरबॅग बसवता येतात का? (ठाणे)

नाही. एअरबॅग म्हणजे नुसती पिशवी नव्हे. सेन्सर, स्टिअरिंग, डॅशबोर्ड, बेल्ट आणि पुढचा पत्रा किती दुमडतो, हे सगळं एकमेकांशी जुळवलेलं असतं. इथे आम्ही पैशांचा हिशेब मांडणारच नाही: बदला. एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) एप्रिल 2019 पासून आणि पुढच्या दोन्ही एअरबॅग जानेवारी 2022 पासून सगळ्या नव्या गाड्यांत सक्तीच्या आहेत, म्हणून वापरलेली घ्यायची तरी 2022 नंतर बनलेलीच घ्या. मागच्या सीटला आयसोफिक्सचे, म्हणजे चाइल्ड सीट अडकवायचे, हूक आहेत का, हात घालून पाहा. दोन्ही मुलांना वयाप्रमाणे चाइल्ड सीट घ्या, आणि मूल पुढे मांडीवर कधीच नको. सँट्रो सासूबाईंसाठी गावात बाजाराला जायला राहू द्या. नव्या छोट्या गाडीवर 22 सप्टेंबर 2025 पासून जीएसटी 28 वरून 18 टक्के झालाय आणि सेसही गेलाय, हे जुन्या गाडीचा भाव करतानाही लक्षात असू द्या.

प्रश्न : नवी परवडत नाही. एमएच 10 पासिंगची 2018 ची गाडी बाजारभावापेक्षा लाखाने स्वस्त मिळतेय. घ्यावी का? (पिंपरी)

एमएच 10 म्हणजे सांगली. सांगलीची प्रत्येक गाडी पुरातली नसते, पण 2019 आणि 2021 चे पूर आठवून तपासा. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा. शेवटच्या फूटभरात चिखलाची रेघ राहते. सीटखालच्या रुळांवरचा गंज, स्टेपनीच्या खड्ड्यातली माती, हेडलाइटच्या आतली वाफ पाहा. डॅशबोर्डखाली हात घालून वायरिंगचा एखादा जोड उघडा. पितळेवर हिरवट थर असेल तर व्यवहार सोडा, कारण असं वायरिंग वर्षा-दोन वर्षांनी कुठेही दगा देतं. विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास मागा आणि कर्ज होतं तर ते फिटल्याचा फॉर्म 35 तपासा.

तुमची सध्याची गाडी विकताना आरसी नव्या मालकाच्या नावावर झाल्याशिवाय विषय संपवू नका. अपघात झाला तर नाव तुमचंच निघेल. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, गाडीचा नसतो, तुमचा असतो. सलग पाच वर्षं क्लेम नसेल तर तो 50 टक्के आहे. विमा कंपनीकडून त्याचं पत्र घ्या. तीन वर्षांच्या आत पुढच्या गाडीच्या स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात तो वळता होतो.