उणे 25 मध्ये स्नोमोबिल: दुकानवाल्याच्या त्या वाक्यावर जाऊ नका

तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. जानेवारीत अमेरिकेतल्या मोंटाना राज्यात, वेस्ट यलोस्टोनला चाललात, अंदाज उणे 25 सेल्सिअसचा आहे, आणि भाड्याने स्नोमोबिल (बर्फावर चालणारी गाडी) देणारा म्हणतोय, "एवढ्या थंडीत बर्फ एकदम मस्त असतो, इंजिन तापायचा प्रश्नच नाही, डोंगरही घट्ट बसलेला असतो." मला एका दुसऱ्या दुकानात जवळजवळ हेच ऐकवलं होतं, आणि त्याचे पैसे मीच भरले. कपडे, हेल्मेट, गॉगलवरची वाफ यावर वर बाकीच्यांनी लिहिलंय, ते सोडतो.

पहिलं म्हणजे, कडाक्याची थंडी आणि ताजा बर्फ सहसा एकत्र येत नाहीत. खूप थंड हवेत बाष्प फारसं मावतच नाही. भरभरून बर्फ पडतो तो बहुधा त्याआधी, जरा उबदार वादळात. मग उत्तरेकडून आर्क्टिक हवा उतरते, आकाश निरभ्र होतं आणि पारा कोसळतो. म्हणजे उणे 25 च्या आठवड्यात तुम्हाला मिळणार तो जुना बर्फ, शेकडो गाड्यांनी दाबून ट्रेलवर टणक झालेला.

आता गाडीचं. डोंगरात चालणाऱ्या बहुतेक स्नोमोबिलना कारसारखा मोठा रेडिएटर नसतो. मागच्या पट्ट्याच्या वर जो बोगदा असतो, त्यात हीट एक्स्चेंजर बसवलेले असतात. पट्टा सुटा बर्फ उडवतो, तो त्यांच्यावर आदळून वितळतो आणि कूलंट, म्हणजे इंजिनातून फिरणारं द्रव, गार होतं. इंजिनाला थंड ठेवते ती मुख्यतः हवा नव्हे, तो उडणारा बर्फ. ट्रेल टणक असेल तर उडायला काहीच नाही, मग बाहेर उणे 25 असो की उणे 5, तापमानाचा दिवा लागतोच. मागचा पट्टा ज्यांच्यावरून सरकतो त्या रेल्सखालच्या प्लास्टिकच्या पट्ट्यांचं, म्हणजे हायफॅक्सचंही तेच. त्यांना वंगण मिळतं ते त्याच सुट्या बर्फाचं.

यावर उपाय साधा आहे: स्क्रॅचर. रेल्सना लावलेल्या या ताठ तारा ट्रेलवर घासत जातात आणि बर्फाचा चुरा वर उडवतात. मी गाडी घेतानाच मागितले होते. "एवढ्या थंडीत स्क्रॅचर कशाला?" म्हणून काउंटरवरच्या माणसाने विषय संपवला. दुपारपर्यंत दिवा पुन्हा पुन्हा लागत होता. कडेच्या सुट्या बर्फात नेली की विझायचा, ट्रेलवर आलं की परत. थांबलो तर जळक्या प्लास्टिकचा वास. संध्याकाळी गाडी परत केली तेव्हा त्याच माणसाने टॉर्च मारून दाखवलं: हायफॅक्स एका बाजूला पार झिजून रेलचा धातू दिसत होता. पावतीवर लिहिलं, चालकाचा गैरवापर. डॅमेज वेव्हरचे (नुकसान झालं तर भरपाई माफ होण्याच्या सोयीचे) पैसे वेगळे भरले होते, पण त्यातून ओव्हरहीटिंग वगळलंय हे मागच्या पानावर बारीक अक्षरात होतं. डिपॉझिट गेलंच, वर इंजिन तपासणीचं बिलही आलं. त्यानंतर ईमेल केले, फोन केले, "मॅनेजर कॉल करतील" यापलीकडे काही मिळालं नाही. ज्यांनी मागितलेला भाग दिला नाही त्यांनीच तो नसल्याचा दंड वसूल करावा, याचा राग मला अजून येतो.

म्हणून माझा आग्रह: स्क्रॅचर नसलेली गाडी ताब्यातच घेऊ नका. घेताना वाकून, फ्लॅश लावून हायफॅक्सचे दोन्ही बाजूंचे फोटो काढा. टणक ट्रेलवर स्क्रॅचर खाली, मऊ सुट्या बर्फात वर. काही प्रकारचे रिव्हर्समध्ये मोडतात, तुमचे कोणते ते आधीच विचारा. आणि सकाळी चालू केल्या केल्या थ्रॉटल पिळू नका. थंड टू-स्ट्रोकमध्ये पिस्टन लगेच तापून फुगतो, सिलिंडर अजून गारच असतो, आणि इंजिन जाम होतं. कूलंट कोमट होईपर्यंत थांबा.

"डोंगर घट्ट बसलेला असतो" हे वाक्य मात्र पैशांपुरतं नाही, ते जिवावर बेतणारं आहे. वसंतात ओला झालेला बर्फ रात्री गोठून घट्ट होतो, हे खरं. जानेवारीतल्या रॉकी पर्वतांमध्ये बरेचदा उलटं घडतं. बर्फाच्या तळाशी जमीन शून्य अंशाच्या आसपास असते, वर उणे 25. थर अर्धा मीटरच असेल तर दर 10 सेंटिमीटरला सुमारे 5 अंशांचा फरक पडतो (हिशेब ढोबळ आहे). 10 सेंटिमीटरमागे साधारण 1 अंशाच्या वर फरक गेला की बाष्प खालून वर सरकू लागतं आणि बर्फाचे कण एकमेकांना न चिकटणारे, साखरेसारखे सुटे होतात. तीन मीटर जाड थरावर हीच थंडी पडली तर फरक 1 अंशाच्या आतच राहतो. त्यामुळे पारा किती उतरला यापेक्षा तो किती जाड बर्फावर उतरला हे विचारायचं. पुढच्या वादळाचा जड बर्फ त्या सुट्या दाण्यांवर बसतो आणि एखाद्या गाडीच्या वजनाने बर्फाची अख्खी लादी सुटते, म्हणजे हिमस्खलन होतं. थंडीची लाट सरल्यावर पहिली मोठी हिमवृष्टी झाली की मी तरी 30 अंशांहून तीव्र उतारावर जात नाही, त्याच्या पायथ्याशीही गाडी थांबवत नाही. कोणी अतिसावध म्हटलं तरी चालेल.

बोझमनच्या गॅलटिन हिमस्खलन केंद्राचं बुलेटिन वेस्ट यलोस्टोनजवळच्या डोंगरांसाठीही असतं. ते रोज सकाळी वाचा, दुकानवाल्याला विचारू नका. उतारावर एका वेळी एकच गाडी. मित्र वर अडकला तर त्याच्या मदतीला दुसरी गाडी चढवू नका. बीकन (गाडलेल्याचा शोध घ्यायचं रेडिओ यंत्र), फावडं आणि प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) प्रत्येकाकडे हवं, कारण गाडलेल्या माणसाच्या हातात पहिली 10-15 मिनिटंच असतात. फोन बीकनपासून किमान 20 सेंटिमीटर लांब ठेवा, शोधताना 50. बॅटरीवर तापणारे हातमोजे बीकनच्या सिग्नलमध्ये गडबड करतात, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं.

मी प्रमाणित प्रशिक्षक नाही. हे सगळं अनुभवातून आणि एका हिमस्खलन कोर्समधून आलेलं आहे. चढावर जायचंच असेल तर तुम्हीही कोर्स करा, नाहीतर आखलेल्या ट्रेलवरच राहा.

एक जाता जाता. गावातल्या तापमानावरून वरचा अंदाज बांधू नका. निरभ्र रात्री जड थंड हवा खोऱ्यात साचते, त्यामुळे सकाळी गावात उणे 25 आणि जवळच्या टू टॉप डोंगराच्या माथ्यावर त्याहून बरीच कमी थंडी असं होऊ शकतं. वारा मात्र गाडीच्या वेगामुळेही लागतो: उणे 20 मध्ये ताशी 50 किलोमीटरने गेलात तर उघड्या त्वचेला उणे 35 जाणवतं. गाल आणि नाकाचा शेंडा झाका, आणि थांबाल तेव्हा एकमेकांचे चेहरे बघा, पांढरा डाग दिसला तर लगेच आडोशाला जा.

तारखा बदलता येत असतील तर वादळानंतरचे एक-दोन दिवस आणि उणे 10 च्या आसपासचं तापमान बघा, ट्रेलवर मजा तेव्हाच येते. नसतील बदलता येत तर वेव्हरचा फॉर्म आधीच ईमेलने मागवा आणि मागच्या पानाचा फोटो, तुमचं नाव-पत्ता झाकून, इथे टाका. कुठली कलमं खोडून घ्यायची ते सांगतो.